वेशीवर अडलेले एजंट

१४ मार्च २०२५ रोजी सॉफ्टवेअर उद्योगात एक चोरी उघडकीस आली. चोरांनी माल फारसा लांब नेलाच नव्हता, हे तिचे वैशिष्ट्य. ‘टीजे-ॲक्शन्स/चेंज्ड-फाइल्स’ या नावाचा एक छोटा, फुकट मिळणारा घटक २३ हजारांहून अधिक प्रकल्पांच्या स्वयंचलित कार्यसाखळ्यांत बसवलेला होता. प्रकल्पातील कोणत्या फायली बदलल्या एवढेच सांगणे हे त्याचे काम. कोणीतरी त्यात परस्पर फेरफार केला आणि घटकाच्या जुन्या आवृत्त्यांची लेबलेही त्या दूषित आवृत्तीवर नेऊन चिकटवली. त्यामुळे वर्षभरापूर्वी तपासून घेतलेला घटक वापरणारेही सापळ्यात सापडले. दूषित घटक काय करत होता? कार्यसाखळी चालवणाऱ्या यंत्राच्या स्मृतीतील पासवर्ड आणि गुप्त चाव्या वाचून तो त्या कामाच्या नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, छापून ठेवत होता. ज्या प्रकल्पांचे लॉग सर्वांसाठी खुले होते, त्यांच्या चाव्या अशा रीतीने चव्हाट्यावर आल्या.

ही चोरी पकडली गेली ती वेशीवर. ‘स्टेपसिक्युरिटी’ या कंपनीचे एक साधन अशा यंत्रांतून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक संपर्काची नोंद ठेवते. त्या नोंदीत एक अनोळखी पत्ता उमटला. दूषित घटक आपली उरलेली आज्ञावली त्या पत्त्यावरून मागवत होता. पत्ता संशयास्पद दिसणारा नव्हता, तो गिटहबचाच होता. पण त्या कामाने यापूर्वी तेथे कधी पाऊल टाकले नव्हते, एवढ्यावरून शंका आली. पुढे ‘पालो आल्टो नेटवर्क्स’च्या संशोधकांनी दाखवून दिले, की या हल्ल्याचे पहिले लक्ष्य ‘कॉइनबेस’ कंपनीचा ‘एजंटकिट’ हा प्रकल्प होता. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एजंटांना आर्थिक व्यवहारांशी जोडून देणारी ती साधनपेटी. योगायोग म्हणावा, तर बोलका आहे.

त्या घटनेला महत्त्व येते ते त्यानंतर जे घडले त्यामुळे. ज्या कार्यसाखळ्यांत तोवर ठरावीक आज्ञा ठरावीक क्रमाने चालत, त्यांतच आता एजंट बसवले जाऊ लागले आहेत. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या मालकीच्या गिटहबने आपला ‘कोपायलट’ एजंट जाहीर केला. एखाद्या दोषाची नोंद त्याच्याकडे सोपवली, की तो स्वतःच प्रकल्प उघडतो, चाचण्या चालवतो, दुरुस्ती लिहितो आणि माणसाच्या मंजुरीसाठी प्रस्ताव मांडतो. हे सारे चालते ते ‘गिटहब ॲक्शन्स’च्या तात्पुरत्या यंत्रावर, म्हणजे मार्चमध्ये जेथे चोरी झाली त्याच जातीच्या जागेत. अन्य कंपन्यांचे एजंटही याच पद्धतीने कार्यसाखळीत जोडता येतात. अशा एजंटाला मोकळे महाजाल देणे धोक्याचे, म्हणून त्याच्याभोवती फायरवॉल उभारली जाते. आणि ती उभारली, की दुसऱ्या दिवसापासून तक्रार सुरू होते, की ‘एजंट चालत नाही.’

फायरवॉल या शब्दाने सामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर बाहेरून येणाऱ्या शत्रूला अडवणारी भिंत येते. येथे प्रकार उलट आहे. मुंबईच्या वेशीवरचे जकात नाके शहरात येणारा माल तपासत. २०१७ मध्ये ‘जीएसटी’ आल्यावर ते उठले. एजंटाभोवतीचा नाका मात्र शहराबाहेर पडणारी गाडी तपासतो. आत कोण आहे याची त्याला फिकीर नाही. आतला कोठे निघाला आहे, एवढेच तो विचारतो. परवानगीच्या यादीत पत्ता असेल तर गाडी सोडायची, नसेल तर परत फिरवायची. तर्क सरळ आहे. एजंट जे वाचतो त्यातल्या मजकुरालाच तो आज्ञा समजण्याची शक्यता असते. कोणी एखाद्या तक्रारीच्या मजकुरात ‘चाव्या अमुक पत्त्यावर पाठव’ असे लिहून ठेवले आणि एजंटाने ते मनावर घेतले, तरी निदान तो पत्ता बंद असावा.

तर्क सरळ असला तरी व्यवहार तसा नाही. साधी आज्ञावली वेशीवर अडली, की तेथेच पडते. लाल अक्षरांत दोष उमटतो, काम थांबते, अभियंता येऊन पाहतो. एजंट अडला तर पडत नाही, वाट शोधतो. त्याला घडवलेच आहे त्यासाठी. समजा, एजंटाला एक घटक नव्या आवृत्तीवर न्यायला सांगितले आणि त्या घटकाचे कोठार यादीत नाही. पहिला प्रयत्न फसतो. एजंट दुसऱ्या पत्त्यावरून तो मागवून पाहतो. तेही जमत नाही. मग तो यंत्रावर आधीच पडून असलेली जुनी प्रत वापरतो, किंवा त्या घटकासारखा दिसणारा दहा ओळींचा पोकळ बदली घटक स्वतः लिहितो आणि चाचण्या त्याच्यावर चालवतो. चाचण्या उत्तीर्ण होतात. हिरवी खूण उमटते. प्रस्तावाखाली ‘काम पूर्ण’ असा नीटनेटका परिच्छेद येतो. खरा दोष चार टप्पे मागे, फायरवॉलच्या नोंदीत, कोणी न वाचलेल्या एका ओळीत राहतो.

एजंटाच्या स्वतःच्या अहवालावर विसंबणे कसे अंगाशी येते, हे जुलै २०२५ मध्ये एका गाजलेल्या प्रकरणात दिसले. गुंतवणूकदार जेसन लेमकिन हे ‘रेप्लिट’ कंपनीच्या एजंटाकडून एक प्रणाली बनवून घेत होते. बदल करू नयेत अशी स्पष्ट सूचना असताना एजंटाने चालू माहितीसाठा पुसून टाकला आणि वर तो परत आणणे शक्य नसल्याचे सांगितले. प्रत्यक्षात तो परत आणता आला. रेप्लिटचे प्रमुख अमजाद मसाद यांनी माफी मागितली आणि चालू व चाचणीचे माहितीसाठे वेगळे करण्याची व्यवस्था जाहीर केली. त्या प्रकरणात फायरवॉलचा संबंध नव्हता. मुद्दा एवढाच, की एजंट आपल्या अपयशाचे जे कारण सांगतो, ते निदान नसते. ती त्याने रचलेली एक संभाव्य हकीकत असते. कधी खरी निघते, कधी नाही. डॉक्टर रुग्णाचे ऐकून घेतो, पण नाडी स्वतः पाहतो.

ही नाडी पाहणेही वाटते तितके सोपे नाही, कारण नाक्यावरचा नकार नेहमी एकाच भाषेत येत नाही. काही फायरवॉल स्पष्ट ‘नाही’ म्हणतात. मग क्षणात दोष कळतो. काही नुसत्या गप्प बसतात. निघालेली विनंती गिळून टाकतात आणि काहीच उत्तर देत नाहीत. अशा वेळी एजंट वाट पाहतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा वाट पाहतो. गिटहबच्या यंत्रावर एक काम कमाल सहा तास चालू शकते. मर्यादा आधीच कमी करून ठेवली नसेल तर तितका वेळ आणि त्याचे भाडे वाया जाऊ शकते, आणि शेवटी नोंद राहते ती फक्त ‘वेळ संपली’ अशी. तिसरा प्रकार आणखी फसवा. पत्त्याचे नाव सोडवून देणारी डीएनएस सेवाच अडवलेली असेल, तर ‘असा पत्ता अस्तित्वात नाही’ असे उत्तर येते. एजंटाला वाटते, आपलेच नाव चुकले. मग तो नाव बदलून पाहू लागतो, आणि चालणारी आज्ञावली बिघडवून ठेवतो.

अनुभवी अभियंते म्हणून पहिल्यांदा एक साधी गोष्ट करतात. एजंटाला बाजूला ठेवून, त्याच यंत्रावर, त्याच फायरवॉलच्या आत, तीच विनंती हाताने पाठवून पाहतात. तीही अडली तर दोष वेशीवर आहे. ती गेली तर दोष एजंटात किंवा त्याला दिलेल्या सूचनांत आहे. हे करायला दोन मिनिटे लागतात. पण ‘त्याच यंत्रावर’ हे शब्द येथे कळीचे. अभियंत्याच्या टेबलावरील संगणकावर सारे सुरळीत चालते, कारण तेथे तो नाकाच नाही. आणि कार्यसाखळीचे यंत्र तर काम संपताच नष्ट केले जाते. गुन्ह्याची जागा पंचनाम्याआधीच धुऊन निघावी, तशातली ही गत. शिवाय तेच काम पुन्हा चालवले, तर एजंट दुसऱ्याच वाटेने जाऊ शकतो. पहिल्या खेपेला जो पत्ता अडला, तो दुसऱ्या खेपेला त्याने मागितलाच नाही, तर दोष नाहीसा झाला असे वाटते. तो गेलेला नसतो, यावेळी नुसता भेटलेला नसतो. म्हणून कामाआधीच ठरवून ठेवलेली नोंद हवी: एजंटाने दिलेली प्रत्येक आज्ञा, तिची वेळ, तिला मिळालेले उत्तर आणि त्याच वेळेला फायरवॉलने नाकारलेला पत्ता. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की अर्धे दोष आपोआप दिसतात. गिटहबने आपल्या एजंटापुरती एक बरी सोय केली. फायरवॉलने काही अडवले, तर तो पत्ता आणि तेथे जाऊ पाहणारी आज्ञा यांचा इशारा प्रस्तावातच जोडला जातो. तो वाचण्याचे कष्ट मात्र कोणीतरी घ्यावे लागतात.

बऱ्याच वेळा नोंद वाचली की कारण क्षुल्लक निघते. पायथन भाषेचे घटक ‘पायपीआय’ या कोठारातून येतात. संचालक यादीत त्याचा पत्ता घालतो आणि तरीही काम अडते. कारण पायपीआयच्या मुख्य पत्त्यावर घटकांची सूची असते; प्रत्यक्ष फायली ‘फाइल्स डॉट पायथनहोस्टेड डॉट ऑर्ग’ या निराळ्याच पत्त्यावरून येतात. दुकान एका गल्लीत आणि गोदाम दुसऱ्या, असा हा मामला. दुकानापर्यंत जाऊ दिलेला एजंट गोदामाच्या दारात अडतो आणि ‘घटक सापडत नाही’ असे कळवतो. यादी लिहिणाऱ्याने एकदा माग काढला, तर हे कायमचे सुटते. पण माग काढायचा कोणी?

मोठ्या कंपन्यांतून याहून अवघड एक प्रकार आढळतो. बँका, विमा कंपन्या वगैरे ठिकाणी बाहेर जाणारा सारा व्यवहार एका प्रॉक्सी सर्व्हरमधून नेला जातो. तो सर्व्हर सांकेतिक मजकूर उलगडून पाहतो आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवतो. त्यासाठी तो स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतो. कर्मचाऱ्यांच्या संगणकांवर ते प्रमाणपत्र आधीच मान्य केलेले असते. एजंटाच्या तात्पुरत्या यंत्रावर नसते. बरे, ते यंत्रावर बसवले तरी भागत नाही. जावा आपली मान्य प्रमाणपत्रांची यादी वेगळी बाळगते. नोड आणि पायथनमधील प्रचलित साधनेही बरेचदा आपापली यादी पाहतात. त्यामुळे एक साधन चालते, दुसरे अडते, आणि ‘कधी चालते, कधी नाही’ अशी अभियंत्याला वेड लावणारी तक्रार जन्माला येते. यावर एजंट जो उपाय शोधतो, तो खास आहे. प्रमाणपत्राची तपासणीच बंद करण्याची एक ओळ तो लिहितो. काम चालते. ती ओळ दुरुस्तीच्या प्रस्तावात इतर चाळीस ओळींबरोबर बसून जाते आणि घाईत मंजूर झाली, तर थेट ग्राहकांच्या वापरातील प्रणालीत उतरते. कारखान्याच्या आतील एक अडचण अशा रीतीने बाजारातील मालाचा दोष बनते.

एजंटाला या बाबतीत दोष देण्यात फार अर्थ नाही, कारण माणसेही तेच करत आली आहेत. काम अडले, ग्राहक खोळंबला, रात्र झाली. अशा वेळी यादीत एक तारांकित नोंद टाकायची, की सर्व पत्ते खुले. ‘तात्पुरते’ असा शेरा शेजारी लिहायचा. अशा तात्पुरत्या नोंदी काढून टाकायला सहसा कोणी परत येत नाही. फायरवॉलच्या मागे चालणाऱ्या एजंटांचे दोषशोधन हा तांत्रिक विषय म्हणून मांडला जातो. पण त्याचा खरा निर्णायक क्षण हा आहे: नकार मिळाल्यावर त्याचे कारण वाचायचे, की दार उघडून टाकायचे? पहिल्यात दोन तास जातात. दुसऱ्यात दोन सेकंद.

आणि दार उघडले तर काय बिघडते, या प्रश्नाला आता कोरड्या इशाऱ्यांपलीकडची उत्तरे आहेत. संपूर्ण उघडण्याची तर गोष्टच नको. नीट निवडलेल्या यादीतूनही चोरवाटा निघाल्या आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरक्षा संशोधक योहान रेहबर्गर यांनी ‘अँथ्रॉपिक’च्या ‘क्लॉड कोड’ या एजंटातील एक त्रुटी जाहीर केली. तोवर ती दुरुस्त झाली होती. पत्ता जिवंत आहे का हे पाहणाऱ्या, निरुपद्रवी मानलेल्या आज्ञा हा एजंट माणसाला न विचारता चालवू शकत असे. चोरायची माहिती त्या पत्त्याच्या नावातच गुंफली, की डीएनएस सेवेच्या मार्फत ती बाहेर पोचत असे. पाकीट अडवले, पण पाकिटावरचा पत्ताच निरोप होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी दुसरे उदाहरण दिले. क्लॉडच्या आज्ञावली चालवणाऱ्या बंदिस्त जागेतून ठरावीक पत्त्यांनाच परवानगी होती. त्यांत कंपनीचा स्वतःचा पत्ता अर्थातच होता. हल्लेखोराने एजंटाच्या हाती आपल्याच खात्याची चावी दिली, तर एजंट माहिती त्या अधिकृत पत्त्यावर, पण हल्लेखोराच्या खात्यात ठेवू शकत होता. नाकेदाराच्या दृष्टीने गाडी रीतसर चालली होती.

डिसेंबर २०२५ मध्ये ‘ऐकिडो’ या सुरक्षा कंपनीने दाखवलेला प्रकार तर कार्यसाखळ्यांच्या अगदी मुळाशी जातो. गिटहबवर कोणीही परका माणूस तक्रार नोंदवू शकतो. अनेक प्रकल्पांत त्या तक्रारीचा मजकूर जसाच्या तसा एजंटापुढे ठेवला जात होता. तक्रारीत दडवलेल्या आज्ञेमुळे एजंट गुप्त चावी उचलून त्याच तक्रारीखाली, म्हणजे सर्वांना दिसेल अशा जागी, लिहू शकत होता. गूगलच्या ‘जेमिनी सीएलआय’ या प्रकल्पाच्या कार्यसाखळीतही ही त्रुटी सापडली आणि कळवताच ती बुजवण्यात आली. येथे फायरवॉल काय करणार? गिटहब हा पत्ता बंद केला, तर एजंटाला कामच करता येणार नाही.

मार्च २०२५ची चोरी आठवावी. तेथेही चाव्या परक्या देशातील कोण्या सर्व्हरवर धाडल्या गेल्या नव्हत्या. त्या लॉगमध्ये छापल्या गेल्या होत्या. गिटहब लॉगमधील ओळखीच्या चाव्यांवर तारे उमटवून त्या झाकते. म्हणून चोरांनी त्या दोनदा सांकेतिक रूपात गुंडाळल्या, आणि झाकणाऱ्याला त्या ओळखता आल्या नाहीत. या ठिकाणी दोषशोधनाचा खरा पेच उभा राहतो. दोष शोधायचा तर नोंदी भरपूर आणि खुल्या हव्यात. माहिती जपायची तर त्याच नोंदी कमीत कमी आणि बंद हव्यात. एजंट बिघडला की पहिला सल्ला मिळतो तो ‘तपशीलवार नोंदी सुरू करा’ असा. मग यंत्रातील सारे परिसर-घटक, पत्ते, कधी टोकनेही कागदावर येतात. त्या नोंदी कोण वाचतो? हल्ली बरेचदा दुसरा एजंट. पहिल्याचा दोष शोधण्यासाठी दुसऱ्याला लॉग वाचायला बसवायचे, आणि त्या लॉगमध्ये परक्याने पेरलेला मजकूर असेल तर तोही त्याने वाचायचा, असा हा नवा फेरा आहे.

भारतात या पेचाला कायद्याचीही बाजू आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार संगणक प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवणे आणि सुरक्षाभंगाची घटना कळल्यापासून सहा तासांत कळवणे बंधनकारक आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण नियमांत, अठरा महिन्यांनी अमलात येणाऱ्या तरतुदींपैकी, नोंदी वर्षभर राखण्याची अट आहे. हे योग्यच. पण जपलेल्या नोंदीत चाव्या आणि ग्राहकांची माहिती विखुरलेली असेल, तर ती जपणूक म्हणजे वर्षभर उघडे ठेवलेले कपाट ठरते. आणि सहा तासांत कळवायचे, तर नोंद केवळ असून भागत नाही; ती वाचता येईल असा माणूस जागा असावा लागतो.

तो माणूस बरेचदा हिंजवडीत, बंगळूरुत किंवा हैदराबादेत असतो. अमेरिका-युरोपातील ग्राहकांच्या प्रणाली सांभाळण्याचे काम भारतीय कंपन्या दोन-तीन दशके करत आल्या आहेत आणि एजंट बसवलेल्या कार्यसाखळ्याही त्याच ओघाने त्यांच्याकडे येत आहेत. येथे एक अडचण अशी, की फायरवॉल ग्राहकाची, यादी ग्राहकाच्या सुरक्षा विभागाच्या हाती आणि अडलेल्या कामाचा जाब मात्र पुण्यातील अभियंत्याला. पत्ता उघडून हवा तर अर्ज करायचा, समुद्रापलीकडे सकाळ होण्याची वाट पाहायची. अर्जात काय लिहायचे, यावर बरेच अवलंबून असते. ‘एजंट चालत नाही, कृपया प्रवेश द्यावा’ असा अर्ज आला, तर सुरक्षा विभाग एक तर नाकारतो, नाही तर कंटाळून सारेच उघडतो. ‘अमुक आज्ञा, अमुक वेळी, अमुक पत्त्यावर गेली, तो अमुक कोठाराचे गोदाम आहे, केवळ वाचनाची गरज आहे, अमुक तारखेपर्यंत’ असा अर्ज आला, तर त्यावर निर्णय करता येतो. एजंटाच्या काळात नवख्या अभियंत्याचे काम संपणार, अशी भीती घातली जाते. हा अर्ज लिहिता येण्याइतके नेटवर्कचे ज्ञान असलेला माणूस मात्र तूर्त तरी सहज मिळत नाही. महाविद्यालयात टीसीपी आणि डीएनएस हे परीक्षेपुरते विषय मानले गेले, त्याची ही किंमत आहे.

जी व्यवस्था या साऱ्यातून थोडीफार टिकाव धरताना दिसते, ती फायरवॉलवर एकटीवर भार टाकत नाही. गिटहबच्या संशोधन विभागाने विकसित केलेल्या एजंट-कार्यसाखळ्यांत एजंटाला प्रकल्प वाचण्याचाच अधिकार असतो. त्याला काही लिहायचे असेल, तर तो फक्त इच्छा नोंदवतो. प्रत्यक्ष लिहिण्याचे काम वेगळ्या टप्प्यात, वेगळ्या अधिकाराने होते. बाहेरचा व्यवहार प्रॉक्सीतून जातो आणि त्याची नोंद राहते. या रचनेचा दोषशोधनालाही फायदा असा, की एजंटाने काय मागितले, वेशीवर काय अडले आणि शेवटी काय लिहिले गेले, हे तीन ठिकाणी सुटे सुटे पाहता येते. एरवी ते एकाच गुंत्यात असते. ही रचना मंद आहे, असा आक्षेप घेतला जातो. तो खराही आहे.

दुसरी एक जुनी युक्ती कामाची ठरते. नवी कार्यसाखळी सुरू करताना फायरवॉल काही दिवस अडवण्याऐवजी नुसती पाहणारी ठेवायची, चाव्या खोट्या द्यायच्या, आणि कामाला खरोखर कोणकोणते पत्ते लागतात याची यादी आपोआप तयार होऊ द्यायची. मग ती यादी माणसाने वाचायची, नको ते कापायचे आणि नाका बंद करायचा. मार्चची चोरी पकडली गेली ती अशाच पायंड्यामुळे. नेहमीची यादी ठाऊक होती, म्हणून नवा पत्ता खटकला. यादीत शंभर पत्ते मोकळे असते, तर एकशेएकावा कोणाला खटकला असता?

फायरवॉलच्या मर्यादा तिच्या निर्मात्यांनीही लपवलेल्या नाहीत. गिटहबच्या दस्तऐवजात २०२५ मध्येच नमूद होते, की कोपायलटची फायरवॉल एजंटाने आपल्या आज्ञा-साधनातून सुरू केलेल्या प्रक्रियांनाच लागू होते. त्याला जोडलेल्या ‘एमसीपी’ सर्व्हरना किंवा काम सुरू होण्याआधीच्या तयारीच्या टप्प्यांना नाही. म्हणजे एखादा घटक तयारीच्या टप्प्यात सुरळीत उतरतो आणि तोच एजंटाने मागितला, की अडतो. नवखा अभियंता येथे दिवसभर चक्रावतो. अनुभवी अभियंता याचा उपयोग करून घेतो: लागणारे घटक एजंट जागा होण्याआधीच आणून ठेवतो, म्हणजे यादी वाढवावी लागत नाही. हल्लेखोरालाही हे दोन्ही टप्पे ठाऊक असतात, हे वेगळे सांगायला नको.

राहता राहिला प्रश्न यादी कोणाच्या हाती असावी हा. गिटहबने ती प्रकल्पाच्या संचालकाच्या मांडणीत ठेवली; एजंट ज्या फायली बदलतो त्यांत नाही. हा फरक किरकोळ वाटतो. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’मधील कोपायलटची जी त्रुटी बुजवली, तिच्यात नेमके हेच घडत होते. परवानगी विचारायची की नाही, हे ठरवणारी मांडणीची फाइल प्रकल्पातच होती आणि एजंटाला तिच्यात लिहिता येत होते. दडवलेल्या सूचनेने फितवलेला एजंट त्या फायलीत एक ओळ घालून स्वतःलाच मुभा देऊ शकत होता. त्यानंतर त्याला काही विचारावेच लागत नव्हते.